ओली हनुवटी

सशाची हनुवटी ओली आहे हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ती पंच्यानं पुसली आणि विसरून गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. मला वाटलं, पाण्याच्या वाटीत तोंड बुडवत असेल. आठ वर्षांचा म्हातारा ससा तो, त्याला आता नीट पिता येत नसेल. मी उथळ वाटी ठेवली. आठवडाभरात गळ्याखालचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या आणि उचलून घेतलं की तोंडाचा वास येऊ लागला. तो वास माझ्या ओळखीचा होता. म्हणूनच मी त्याला पटकन खाली ठेवलं आणि मोरीवर हात धुवायला गेलो.

मी सौसरच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होतो. लोखंडी पाना सायकलला अडकवून गल्लोगल्ली फिरायचं, व्हॉल्व्ह सोडायचे, बंद करायचे. कोणत्या मोहल्ल्याला किती वेळ पाणी मिळणार हे माझ्या मनगटात होतं, त्यामुळे अर्धं गाव मला चहा पाजायचं आणि उरलेलं अर्धं माझ्या नावानं बोटं मोडायचं. जमिनीखाली पाईप कुठे फुटलाय ते मी वरची माती पाहून सांगत असे. याचा मला भारी गर्व होता. घरातलं काही मात्र मला वेळेवर दिसलं नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

ससा मुलीचा. अकरावीत असताना तिनं तो मोहगावच्या बाजारातून आणला, पंधरा दिवस त्याला मांडीवरून उतरवलं नाही, आणि मग अभ्यास, कॉलेज, बी.एड. असं करता करता तो आईच्या गळ्यात टाकून मोकळी झाली. आता ती पांढुर्ण्याला एका शाळेत शिकवते आणि तिथंच खोली करून राहते. सशाला तिनं चांगलं इंग्रजी नाव ठेवलं होतं. माझी बायको त्याला नुसतं ‘लेका’ म्हणायची. तो त्या नावालाच कान वळवायचा. मी त्याला काहीच म्हणत नसे. घरात जनावर कशाला, एवढंच माझं म्हणणं, आणि ते मी दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचो.

बायको संत्र्याच्या दिवसांत बोरगावकडच्या बागांत माल छाटायला, म्हणजे लहान-मोठी फळं वेगळी करायला जायची, बाकी वर्ष घरी. लग्नानंतर आमच्यात प्रेमाची म्हणावी अशी एकच देवाणघेवाण रोज होत असे. मी कामावरून येताना खर्ऱ्याची पुडी आणायचो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून करतात तो खर्रा, आमच्याकडे पानठेल्यांपेक्षा घरं कमी असतील. अर्धी पुडी तिची, अर्धी माझी. ती गालात धरायची आणि भांडी घासायची. मी गालात धरायचो आणि सायकल मारायचो. ही सवय तिला मीच लावली. ती माहेराहून आली तेव्हा सुपारीसुद्धा खात नव्हती.

मग भाजी अळणी होऊ लागली. आधी लाल मिरची गेली, मग हिरवी. मी जेवताना ताट सरकवून विचारायचो, “काहून वो, घरातलं तिखट सरलं का?” ती म्हणायची, “तोंडाले लागून राहिलं जी.” मी माझ्यासाठी ठेचा वेगळा करवून घेतला. मग तिची भाकर वरणात भिजायला लागली. मग भाकर गेली, मऊ भात आला. शेवटची दोन वर्षं दुपारी चारला ती उंबरठ्याच्या आत भिंतीला टेकून बसायची, वाटीत दूध, दुधात टोस. एक टोस भिजून मऊ झाला की अर्धा तिचा, अर्धा सशाचा. चमच्याचं टोक ती ओठांतून तिरपं घालायची. मला वाटलं, बाईचं वय झालं, चोचले वाढले. मुलगी घरी आली की मी तिला हसून सांगायचो, तुझ्या आईचं आणि सशाचं एका वाटीत चालू आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी तिचं तोंड उघडायला लावलं तेव्हा त्यात त्यांचं एक बोट जेमतेम गेलं. त्यानंतर ती चार महिने होती. मी खर्रा त्या दिवशी सोडला. तीस वर्षं उशिरा सोडला.

विहारात वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणसं बसायला आली. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा: इतकं होईपर्यंत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. “तिनं सांगतलंच नाही. लपवलं आमच्यापासून.” पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली. दहाव्यांदा सांगेपर्यंत ते वाक्य छान बसलं. माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिनं ते खरं धरलं आणि ती आईवर रुसली. मेलेल्या माणसावर रुसता येतं हे मी तिच्याकडे पाहून शिकलो. पांढुर्ण्याच्या तिच्या खोलीत आईचा फोटो नाही. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

माणसं गेली आणि घरात मी आणि ससा उरलो. तेराव्या की चौदाव्या दिवशी दुपारी चारला तो उंबरठ्याजवळ येऊन दोन पायांवर उभा राहिला. माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे, जिथे ती टेकून बसायची तिकडे. पुढचे पाय छातीशी धरून तो तसाच उभा. मला ते बघवेना. मी दूध कोमट केलं, टोस भिजवला आणि वाटी त्या जागी ठेवली. त्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार वाजले.

आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. श्राद्धपक्ष करणार नाही, हे मी लहानपणी विहारात उभा राहून म्हटलेलं आहे. आमच्या घरात मेलेल्याच्या नावानं कावळ्याला घास ठेवत नाहीत, आणि शेजारीपाजारी कोणी ठेवलाच तर मी त्याची भरपूर टिंगल केलेली आहे. तोच मी वर्षभर, एक दिवस न चुकवता, चारच्या ठोक्याला बायकोच्या जागेवर तिच्या वाटीत तिचं जेवण मांडत होतो. कावळ्याच्या जागी ससा होता एवढाच फरक. तेव्हा मला हे कळलं नाही. कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

त्या जागेवर मी बसत नसे. चटई टाकायची तर बाजूला टाकायचो. ससा खाता खाता मध्येच थांबायचा, एक कान त्या भिंतीकडे वळवायचा, आणि मग कोणी तरी परवानगी दिल्यासारखा पुन्हा खाऊ लागायचा. भूतखेत मी मानत नाही. पण दुपारी आडवा झालो की बाहेरच्या खोलीतून दातावर दात घासल्याचा आवाज यायचा, कर्र, कर्र, थांबून थांबून. शेवटच्या महिन्यांत दुखणं वाढलं की ती असेच दात खायची. मी धडपडत उठून यायचो. भिंतीजवळ ससा बसलेला असायचा, डोळे अर्धे मिटून. मी दारातच उभा राहायचो आणि आपण कोणाला पाहायला आलो होतो ते स्वतःशीही कबूल करायचो नाही. ती यावी असं मला वाटत होतं, आणि ती आली तर काय बोलायचं याची भीतीही वाटत होती.

ओल्या हनुवटीनंतर मला त्याचे पुढचे दात दिसले. वरचे दोन वाढून आत वळले होते, खालचे ओठाबाहेर आले होते. हे मात्र मला समजण्यासारखं काम होतं. वाढलंय, कापायचं. बैलाची शिंगं पोळ्याच्या आधी साळतात, माणसाची नखं काढतात, तसंच हे. मी त्याला गोणपाटात गुंडाळून मांडीत दाबला आणि पायाच्या नखांचं मोठं नेलकटर घेऊन आधी खालचे, मग दोन्ही वरचे दात कापले. एक नीट तुटला. दुसऱ्याचा कडाक्कन आवाज झाला आणि ससा ताठला. पण दिसायला तोंड साफ झालं. मी मुलीला फोन करून सांगितलं, “ऑपरेशन करून टाकलं. डॉक्टरची गरज नाही.” ती हसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही काय पाईपलाईन समजून राहिले का त्याले?”

तीन दिवस त्यानं टोस खाल्ला, पण कसा? तोंडात घ्यायचा, डोकं एका बाजूला कलतं करायचा, दोनदा जबडा हलवायचा आणि घास खाली पडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा. डोकं कलतं करून घास एका गालाकडे ढकलायची ती रीत मी दोन वर्षं रोज समोर बसून पाहिली होती आणि तिचा अर्थ कधी लावला नव्हता. चौथ्या दिवशी चारला मी वाटी ठेवली. तो आला, वाकला, वास घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. पाच वाजता दुधावर साय धरली. लेंड्या पाहिल्या तर कालपासून दोन-चार, मोहरीएवढ्या.

मी घाबरलो. हेच पुन्हा होतं आहे, याच घरात, याच जागेवर, आणि पुन्हा मीच पाहतो आहे, एवढं एकच डोक्यात. हा मेला तर मी कोणाला काय सांगणार? यानंही लपवलं म्हणून?

मुलगी फोनवर म्हणाली, “सकाळच्या पहिल्या गाडीनं घेऊन या. इथं एक डॉक्टरीण आहे, कुत्रे-मांजरं पाहते. ससाही पाहीन.” सौसरच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी तेवढ्यात विचारून आलो होतो. त्यांनी सरळ सांगितलं की माझ्याकडची हत्यारं गाई-म्हशीच्या तोंडाची आहेत, याच्या तोंडात माझं काही जाणार नाही. भला माणूस. उगाच इंजेक्शन टोचून मला परत पाठवलं नाही.

संत्र्याच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये पोतं अंथरून त्याला ठेवला, वर दुसरं कॅरेट पालथं बांधलं आणि पांढुर्ण्याची बस धरली. कॅरेट मांडीवर. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रानं, मध्येच संत्र्याच्या बागा. शेजारच्या माणसानं विचारलं, “काकाजी, काय घेऊन चालले?” मी म्हटलं, “पेशंट.” तो हसला. मला हसू आलं नाही. कॅरेटच्या भोकातून मी बोट आत घातलं होतं आणि त्याच्या पाठीचा प्रत्येक मणका मला मोजता येत होता.

डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, काटा, एक दिवा. मुलगी शाळेतून रजा टाकून आली होती. डॉक्टरनं सशाला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि तोंडाच्या कडेनं बारीक दिव्याची नळी आत घातली.

“पुढचे दात कोणी कापले?”

“मी.”

“एक उभा चिरला आहे. पुन्हा असं करू नका. पण खरं दुखणं पुढं नाही, मागं आहे. दाढांना काट्यासारखी टोकं आली. खालच्यांनी जीभ चिरली, वरच्यांनी गाल. म्हणून लाळ गळून राहिली, म्हणून घास पडून राहिला. भूक आहे त्याले, चावणं होत नाही.” तिनं नळी बाहेर काढली. “खायला काय देता?”

मी जरा ताठ होऊन सांगितलं. दूध-टोस. कोमट. रोज चार वाजता. कधी मऊ भात. एक दिवस चुकवला नाही.

“किती दिवसांपासून?”

“मी एक वर्षापासून. त्याआधी दोन वर्षं याची आई देत होती.” याची आई असं मी कसं म्हणालो, माहीत नाही.

“गवत?”

“म्हातारा हाये ना तो, मॅडम. गवत कसं चावणार?”

तिनं दिवा बंद करून टेबलावर ठेवला. “काका, सशाचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. गवत दिवसभर चावलं, की दातावर दात घासून झिजतात. मऊ दिलं की झिजायचं काम बंद, वाढायचं चालूच. तुम्ही मायेनं देऊन राहिले, समजते मले. पण हे त्याच्यामुळंच झालं.”

मी टॉवेलकडे पाहत राहिलो. बायकोचं तोंड मिटलं म्हणून तिचं जेवण मऊ झालं. तिनं आपला अर्धा घास त्याला दिला, आणि ती गेल्यावर मी तोच घास वर्षभर तिच्या नावानं चालू ठेवून याचं तोंड मिटवत आणलं. पाणी सोडायच्या कामात माणूस दुसऱ्याच गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा निदान कोणी तरी ओरडत येतं. इथे कोणी ओरडलं नाही.

मुलगी टेबलाच्या पलीकडून म्हणाली, “इतकी जखम होऊन यानं आवाज नाही केला?”

“ससे दुखणं लपवतात,” डॉक्टर म्हणाली. “कमजोर दिसलं की कोणी खाऊन टाकीन, ही भीती त्यांच्या रक्तात असते. म्हणून त्यांचं आपण होऊन पाहावं लागते.”

“आमच्या आईनंही लपवलं,” मुलगी म्हणाली. “आम्ही का तिले खाऊन टाकणार होतो?”

डॉक्टर दिव्याची नळी पुसू लागली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या हातात ससा होता, दोन्ही हात गुंतलेले होते, आणि मी त्याचा टॉवेल सारखा करत राहिलो.

भूल देऊन दाढा घासायच्या होत्या. या वयात भूल झेपेलच असं नाही, हे तिनं आधीच सांगितलं. न द्यावी तर उपाशी जाईल हेही सांगितलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आतून बारीक यंत्राचा आवाज येत होता. समोर रस्त्यावर संत्र्यांनी भरलेला ट्रक मागे घेत होते आणि क्लीनर ओरडत होता, आने दो, आने दो. मुलीनं माझ्या बाहीला धरलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. मला वाटलं आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात डॉक्टर दारात आली आणि म्हणाली, उठला आहे.

जिवात जीव आला, पण अर्धाच. डॉक्टरनं पीठ कालवून दिलं, सुईशिवायच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडं थोडं पाजायचं. समोर गवत ठेवायचं. उद्या संध्याकाळपर्यंत त्यानं आपण होऊन गवत खाल्लं आणि लेंड्या टाकल्या तर सुटला. नाही तर पोट बंद पडेल. “आणि टोस नाही,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “तुकडाही नाही. मऊ मिळालं की तो गवताकडं पाहणार नाही.”

मुलीची खोली जाम नदीच्या अंगाला आहे, पलीकडे सावरगाव. सकाळी उठून मी काठाकाठानं गेलो आणि गवत कापून आणलं, थोडं हिरवं, थोडं वाळलेलं. एका ओळखीच्या घरून ज्वारीच्या कडब्याची पानं मागून घेतली. सगळं सशापुढे मांडलं. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. सिरिंजनं पाजलं की गिळायचा, गिळून माझ्या हाताला डोकं लावायचा आणि वाटी शोधायचा. ती खोली त्याच्या ओळखीची नव्हती, ती भिंत तिथे नव्हती. तरी दुपार कलली तसा तो उठला, दाराजवळ गेला आणि दोन पायांवर उभा राहिला. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

मुलीनं पहिल्यांदाच ते पाहिलं. “हे काय करून राहिला हा?”

“तुझ्या आईची वाट पाहून राहिला.”

ती रडायला लागली. मग उठून डबा काढला, त्यात टोस होते. “बाबा, एकच देऊ का? उपाशी मरन तो. निदान काही पोटात तर जाईन.”

“नको.”

“बाबा.”

“नको म्हणतो ना!” मी इतक्या जोरात ओरडलो की ससा चारी पायांवर आला. मुलगी डबा हातात धरून उभी राहिली. त्या क्षणी मी टोस सशाला नाकारत नव्हतो. मी बायकोला नाही म्हणत होतो. वर्षभर तिला घास मांडला म्हणजे तिच्याशी माझं चुकतं झालं, असं मी मनाशी धरून चाललो होतो, आणि आता तिची वाटी तिच्यासमोरून मी स्वतःच्या हातानं उचलत होतो. मला फार वाईट वाटलं. मी खाली बसलो, कडब्याचं एक वाळलेलं पान घेतलं आणि त्याच्या ओठाच्या कडेला धरलं. त्यानं मान वळवली. मी दुसऱ्या बाजूला धरलं. “घे लेका,” मी म्हणालो. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला काही म्हटलं असेल.

माझा हात भरून आला तरी मी धरूनच राहिलो. त्यानं नाक हलवलं. पानाचं टोक ओठात घेतलं. सोडलं. पुन्हा घेतलं, आणि जबडा आडवा फिरला. एकदा, दोनदा. मग पान आत जाऊ लागलं, कुरकुर कुरकुर, आणि खाली काही पडलं नाही.

आम्ही दोघं बाप-लेक जमिनीवर बसून तो आवाज ऐकत होतो. साधा चावण्याचा आवाज. आमच्या घरात तीन वर्षं तो नव्हता, आणि मला त्याची उणीव कळलीसुद्धा नव्हती. दुसरं पान मुलीनं दिलं, तिसरं त्यानं आपण होऊन ओढलं. तिनं डोळे पुसले, हसली, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “पाहा, एवढंसं होतं. कोणी पाहिलं, झालं नीट. आईनं एकदा, फक्त एकदा तोंड उघडून सांगतलं असतं तर...”

“सांगतलं होतं,” मी म्हणालो.

तिचा हात सशाच्या पाठीवरच थांबला.

मग मी सांगितलं. मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट, सकाळची. मी सायकल बाहेर काढत होतो, पाना लावून झाला होता. ती दारात उजेडात आली, बोटानं गाल बाजूला ओढला आणि म्हणाली, “अजी, पाहा ना जरा. इथं आत काहीतरी टोचून राहिलं. पांढरं पांढरं झालं का?” मी तिच्याकडे वळलोसुद्धा. पण माझ्या तोंडात खर्रा होता, नुकताच भरलेला. बोललो असतो तर सांडला असता. म्हणून मी हातानंच खूण केली, नंतर, नंतर. आणि गेलो. दुपारी आलो तेव्हा तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि मी विषय काढला नाही. मला आठवत होतं. रात्रीही आठवत होतं, पुढच्या महिन्यातही. पाहिलं तर आपल्यालाही कोणी पाहीन, आपलीही पुडी सुटन, या धास्तीनं मी पाहिलं नाही. तिनं काही लपवलं नाही, माय. लपवलं ते मी, तुझ्यापासून. तू तिच्यावर रुसू नको.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते. ससा खात होता. त्याच्या मागे जमिनीवर दोन लेंड्या पडल्या होत्या, चांगल्या मोठ्या, आणि त्या तिला दाखवायचा मला धीर झाला नाही.

मग ती वळली. डोळे सुजलेले होते. तिनं टेबलावरचा मोबाईल उचलला, त्याचा उजेड लावला आणि माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

“बाबा, तोंड उघडा.”

“मी सोडला ना खर्रा. दीड वर्ष होऊन राहिलं आता.”

“उघडा.”

मी उघडलं. तिनं माझा गाल दोन बोटांनी धरला, मोबाईल जवळ आणला आणि वाकून आत पाहू लागली. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

“अजून उघडा,” ती म्हणाली.

मी तिचा हात बाजूला केला. “एवढंच उघडते, माय.”